‘थँक्यू म्हण’च्या पुढे: लहान मुलांना कृतज्ञता गोष्टींतून आणि हालचालींतून कशी उमगते

तीन वर्षांच्या मुलाच्या हातात कोणी खेळणे ठेवले, की जवळ उभ्या असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून जवळजवळ आपोआप दोन शब्द निघतात: ‘थँक्यू म्हण.’ मूल खेळण्याकडे बघत, कधी पुटपुटत, कधी आईच्या मागे लपत ते म्हणते, मोठ्यांचे समाधान होते आणि प्रसंग संपतो. एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन या अमेरिकन संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांना पालकांसमोर एक छोटी भेट दिली आणि भेटताना, भेटवस्तू घेताना व निरोप घेताना मुले काय बोलतात ते नोंदवले. आपण होऊन आभार मानणारी मुले अगदी थोडी निघाली. तिन्ही शिष्टाचारांपैकी आभाराचे शब्दच स्वतःहून सर्वांत कमी वेळा आले. पालकांनी आठवण करून दिल्यावर मात्र बहुतेकांनी ते उच्चारले. म्हणून ही मुले कृतघ्न होती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. आभाराचा शब्द उच्चारणे आणि ज्याच्यामुळे आपले काही चांगले झाले त्याची जाण मनात उमटणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि पहिली दुसरीच्या कितीतरी आधी पाठ होते.

हा लेख त्या दुसऱ्या क्रियेविषयी आहे. ती उपदेशाने येत नाही, कारण उपदेश समजण्यासाठी जी मानसिक तयारी लागते ती या वयात अजून घडत असते. गोष्ट आणि हालचाल ही दोन साधने मात्र नेमक्या त्या तयारीलाच हात घालतात. ते कसे, हे समजण्यासाठी आधी कृतज्ञतेच्या पोटात काय काय दडलेले आहे ते पाहावे लागेल.

शब्दामागची साखळी

कृतज्ञता ही एकच सरळ भावना असल्यासारखे आपण बोलतो. प्रत्यक्षात ती अनेक कड्यांची साखळी आहे. आपल्याला काही मिळाले हे आधी लक्षात यावे लागते. ते आपोआप आले नाही, कोणीतरी दिले, हे कळावे लागते. त्या व्यक्तीने ते चुकून किंवा कोणाच्या सक्तीने न देता आपल्यासाठी मुद्दाम दिले, आणि देताना तिला वेळ, कष्ट किंवा स्वतःची आवडती वस्तू खर्ची घालावी लागली, हे उमजल्यावर त्या व्यक्तीविषयी मनात आपुलकी दाटते आणि तिच्यासाठी आपणही काही करावे असे वाटते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अँड्रिया हसाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांसाठी हीच वाट चार टप्प्यांत मांडली आहे: लक्षात येणे, विचार करणे, वाटणे आणि करणे. मोठ्या माणसाचे मन हे चारही टप्पे क्षणार्धात ओलांडते, त्यामुळे ते आहेत हेसुद्धा त्याला जाणवत नाही. मुलाला मात्र प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते.

सर्वांत अवघड टप्पा दुसऱ्याच्या मनात डोकावण्याचा. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना एक साधा प्रसंग सांगितला. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले साधारणपणे चॉकलेट खरोखर जिथे आहे त्या कपाटाकडे बोट दाखवतात. आपल्याला जे माहीत आहे ते त्या मुलाला माहीत नाही, त्याच्या डोक्यात वेगळे चित्र आहे, ही समज चार वर्षांच्या आसपास आणि त्यापुढे हळूहळू पक्की होते. आता हाच मुद्दा कृतज्ञतेला लावून पाहा. आजीने स्वतः उभे राहून नातवाला खिडकीजवळ बसू दिले, तर त्या जागेचा आनंद त्याला लगेच कळतो. पण आजीलाही बसायचे होते, तिचेही पाय दुखत होते आणि तरीही तिने जागा सोडली, हे कळायला आजीच्या मनातले चित्र स्वतःच्या चित्राशेजारी ठेवता आले पाहिजे. ते जमत नाही तोवर ‘आजीने तुझ्यासाठी किती केले’ हे वाक्य मुलाच्या कानावरून नुसते जाते.

या दोन क्षमतांचा संबंध अभ्यासातही दिसला आहे. जॅकी नेल्सन आणि सहकाऱ्यांनी काही मुलांना तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी पुन्हा पुन्हा तपासले. तिसऱ्या वर्षी ज्यांना भावना अधिक चांगल्या ओळखता येत होत्या, त्यांची चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या मनाविषयीची समज पुढे होती, आणि पाचव्या वर्षी कृतज्ञतेविषयीची समजही. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की तीन वर्षांच्या मुलाशी ‘तो रडवेला का झाला असेल’, ‘ती इतकी खूश का दिसते’ अशा गप्पा मारणे हे कृतज्ञतेच्याच शिक्षणाचे पहिले काम आहे, जरी त्यात आभाराचा उल्लेखही आला नाही तरी.

याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही असा मात्र नाही. अम्रिशा वैश, रॉबर्ट हेपाख आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी, ज्याने त्यांचा फायदा मुद्दाम केला त्याला, ज्याच्या हातून तो नकळत झाला त्याच्यापेक्षा अधिक उदारपणे परत दिले. हेतू ओळखण्याची सुरुवात म्हणजे या वयातही झालेली असते. फक्त ती बोलण्यात दिसण्याआधी हाताने केलेल्या कृतीत दिसते. हालचालीला या विषयात स्थान आहे ते यामुळे, आणि मला स्वतःला हा निष्कर्ष पालकांसाठी सर्वांत दिलासा देणारा वाटतो.

गोष्ट काय करते

रोजच्या जगण्यात मदत फार भरकन घडून जाते. कपाटात धुतलेले कपडे असतात, बुटाची नाडी बांधलेली असते, झोपेत अंगावरून सरकलेले पांघरूण सकाळी पुन्हा अंगावर असते. करणारा दिसत नाही, दिसला तरी त्याच्या मनात काय चालले होते ते दिसत नाही, आणि मूल तर मिळालेल्या वस्तूत गुंतलेले असते. गोष्टीत वेळ थांबवता येतो. सांगणारा मध्येच थांबून पात्राच्या मनात शिरू शकतो, पडद्यामागचे कष्ट समोर आणू शकतो आणि तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पात्राच्या बाजूने पुन्हा सांगू शकतो. शिवाय गोष्टीत मूल स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात नसते. ‘तू आभार मानलेस का?’ या प्रश्नापुढे ते आक्रसते. ‘मीराने काय केले असते तर सईला बरे वाटले असते?’ यावर ते मोकळेपणाने बोलते.

मीरा आणि सई कोण? उदाहरणासाठी एक छोटी गोष्ट घेऊ. वाऱ्याने मीराची टोपी उडाली आणि उंच भिंतीपलीकडे जाऊन पडली. मीरा रडू लागली. त्याच वेळी सई धावत धावत मैदानाकडे निघाली होती. तिचे मित्र लपाछपी सुरू करणार होते आणि तिला पहिल्या डावात खेळायचे होते. तिने रडणे ऐकले, ती थांबली, तिने मैदानाकडे पाहिले, मग मीराकडे पाहिले. भिंतीला लांबच लांब वळसा घालून ती पलीकडे गेली, टोपी उचलली, झटकली आणि तसाच वळसा घालून परत आली. टोपी मीराच्या डोक्यावर आली तेव्हा मैदानातून ‘साईसुट्ट्यो!’ असा ओरडा ऐकू येत होता. पहिला डाव संपला होता.

या गोष्टीत कोणी कोणाला आभाराचे शब्द बोलत नाही, आणि ते जाणूनबुजून गाळले आहेत. ती जागा रिकामी असली की ती भरण्याचे काम ऐकणाऱ्या मुलांकडे जाते. गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण टोपी परत मिळण्याचा नसून सई थांबते तो आहे, कारण तिचा हेतू आणि तिचा तोटा दोन्ही तिथे एकत्र दिसतात. सांगताना त्याच जागी रेंगाळावे: सईला काय वाटले, तिने काय ठरवले, तिच्या मित्रांना काय माहीत नव्हते. ‘वाटले’, ‘ठरवले’, ‘आठवले’, ‘माहीत नव्हते’ अशी मनाच्या व्यवहाराची क्रियापदे गोष्टीत जितकी येतील तितकी चांगली. दुसऱ्याच्या मनाविषयी बोलायला मुलांना त्यांच्यामुळेच भाषा मिळते.

दुसऱ्या दिवशी गोष्ट थोडी बदलावी. या वेळी टोपी वारा स्वतःच परत आणून टाकतो. मीरा तितकीच खूश होते, पण आज कोणी आपला खेळ सोडला का? तिसऱ्या दिवशी सई जाते, वळसा घालते, शोधते, आणि टोपी सापडतच नाही. ती दमून रिकाम्या हातांनी परत येते. ही तिसरी गोष्ट चार-पाच वर्षांच्या गटात चांगली खळबळ माजवते. लहान मुले परिणामावरून निवाडा करतात, असे जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले होते: चुकून १५ कप फोडणारा मुलगा आणि चोरून खाऊ काढताना एकच कप फोडणारा मुलगा यांत जास्त वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले बरेचदा १५ कपांकडे बोट दाखवत. पुढच्या संशोधकांनी प्रश्न सोपे करून विचारले तेव्हा मुलांना हेतूही कळतो असे दिसले, तरी परिणामाचे वजन त्यांना जास्त वाटते हे खरेच आहे. म्हणून ‘टोपी मिळाली नाही, मग सईने मदत केली की नाही?’ यावर वर्गात दोन तट पडू शकतात. शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये. वाद चालू असताना मुले जो विचार करतात तोच आपल्याला हवा आहे.

गोष्ट निवडताना दोन अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, जरी ते थेट कृतज्ञतेवर नाहीत. टोरोंटोत निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेआ यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली, एकीत पात्रे माणसे होती आणि दुसरीत माणसांसारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःचे स्टिकर अधिक प्रमाणात वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने तसे घडले नाही. म्हणून कपडे घातलेले ससे आणि अस्वले हद्दपार करावीत असे मुळीच नाही, मुलांना ती प्रिय असतात. पण जी शिकवण मुलाने स्वतःच्या आयुष्यात उचलावी असे वाटते ती निदान काही वेळा माणसांच्या, ओळखीच्या वाटणाऱ्या मुलांच्या गोष्टीतून यावी. दुसरा अभ्यास कांग ली आणि सहकाऱ्यांचा, २०१४ सालचा, खरे बोलण्याविषयीचा. खोटे बोलणाऱ्याची फजिती दाखवणाऱ्या गोष्टी ऐकून मुलांचे वागणे सुधारले नाही. खरे बोलल्याबद्दल कौतुक झालेल्या मुलाची गोष्ट ऐकून सुधारले. कृतघ्नाला अद्दल घडल्याच्या गोष्टी मोठ्यांना फार आवडतात. मुलांसाठी त्या मी बाजूला ठेवेन.

गोष्ट संपली की ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न टाळलेला बरा, कारण मूल लगेच आपल्या चेहऱ्याकडे बघून हवे ते उत्तर शोधू लागते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेली संवादी वाचनाची पद्धत इथे उपयोगी पडते. तिच्यात मोठे माणूस वाचक न राहता हळूहळू श्रोता होते आणि मूल सांगणारे होते. मोठ्याने मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत त्याच्याकडे द्यायचे. ‘सई थांबली’ असे मूल म्हणाले, तर ‘हो, सई थांबली, आणि तिचे मित्र तर वाट बघत होते’ असे म्हणून गप्प बसावे. त्या शांततेत बरेचदा मूल पुढचे वाक्य स्वतः जोडते.

शरीराने गोष्टीत शिरणे

गोष्ट ऐकून मुलाला सईचे मन कळते असे आपण धरून चालतो, पण चार वर्षांच्या मुलाला ‘वळसा’, ‘दमणे’, ‘सोडून येणे’ हे शब्द कानाने जितके कळतात त्याहून कितीतरी अधिक पायांनी कळतात. शिवाय या वयाच्या मुलांना हालचालीची गरजच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन आणि चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यांतली किमान ६० मिनिटे दमवणारी असावी. मूल्यशिक्षणाचा तास मांडी घालून, हाताची घडी घालून घेण्याची सवय या गरजेच्या नेमकी उलट आहे.

शिकागोच्या शिशुशिक्षिका व्हिव्हियन गसिन पेली यांनी वर्गात रुजवलेली पद्धत इथे आदर्श मानता येईल. मूल स्वतःची गोष्ट सांगते, शिक्षिका ती शब्दशः लिहून घेते आणि नंतर सगळा वर्ग गोलात बसून ती साभिनय उभी करतो. वेषभूषा नाही, पाठांतर नाही, प्रेक्षकांसाठी सजावट नाही. अमेरिकेतच आर्थर ग्लेनबर्ग यांनी २००४ साली दाखवले, की प्राथमिक शाळेतल्या सुरुवातीच्या वर्गांतील मुले वाचलेल्या वाक्यांप्रमाणे खेळणी हलवून प्रसंग घडवतात तेव्हा त्यांना मजकूर अधिक चांगला समजतो आणि आठवतो. ती मुले आपल्या गटापेक्षा मोठी होती, तरी अर्थ कृतीशी जोडला की पक्का होतो हे तत्त्व त्याहून लहान वयाला अधिकच लागू पडावे, असे माझे मत आहे.

मीरा आणि सईची गोष्ट उभी करताना सगळ्यांनी आधी सई व्हावे. खोलीच्या एका टोकाला मैदान आहे असे ठरवावे आणि मुलांनी तिकडे आनंदाने धावत निघावे. ढोलकीचा किंवा टाळीचा आवाज थांबला की रडणे ऐकू येते, आणि सगळे जागच्या जागी गोठतात. इथे शिक्षकाने अगदी हळू आवाजात विचारावे, ‘तुमचे पाय कुठे जायला बघतायत? डोळे कुठे बघतायत?’ पाय मैदानाकडे आणि मान मागे वळलेली, या अवघडलेल्या स्थितीत मूल पाच-सहा क्षण उभे राहिले, की दुसऱ्यासाठी स्वतःचे काही सोडणे म्हणजे काय हे त्याला अंगातून कळते. मग खुर्च्यांच्या रांगेला लांब वळसा घालायचा, अदृश्य टोपी उचलायची, झटकायची आणि परत यायचे. नंतर सगळे मीरा होतात: आधी रिकाम्या डोक्यावर हात, मग टोपी आल्यावर शरीर कसे बदलते ते दाखवायचे. शेवटी जोड्या करून एकाने सई आणि एकाने मीरा व्हायचे, आणि टोपी मिळाल्यावर मीराने शब्द न वापरता सईसाठी काहीतरी करायचे. कोणी हात धरून तिला मैदानापर्यंत सोडायला जाते, कोणी स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवते, कोणी नुसते वाकते, कोणी काहीच करत नाही. काहीच न करणाऱ्या मुलाला टोकू नये. ते पाहत असते.

दुसरा खेळ उलट्या प्रवासाचा. एखादी नेहमीची वस्तू घ्यावी, समजा लोकरीचे पांघरूण, आणि ते आपल्यापर्यंत आले कसे हे मागे मागे जात हालचालींनी दाखवावे. आपण पांघरुणात गुरफटून बसतो. त्याआधी कोणीतरी ते धुऊन वाळत घातले: हात उंच करून दोरीवर टाकण्याची हालचाल. त्याआधी कोणी त्याच्या कडा शिवल्या, त्याआधी कोणी ते मागावर विणले, त्याआधी कोणी सूत कातले, त्याआधी कोणी मेंढीची लोकर कापली, आणि त्याआधी कोणी मेंढीला चरायला नेले. प्रत्येक हालचाल मूल थकेपर्यंत नाही, पण हात थोडे भरून येतील इतका वेळ करावी. मग तीच साखळी पुढच्या दिशेने, लयीत, एकामागून एक. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांचे कष्ट लहान मुलाच्या कल्पनेत आणणे फार कठीण असते. या खेळात त्या माणसांना निदान हात मिळतात. चार वर्षांखालच्या मुलांसाठी ही साखळी तीन कड्यांपुरतीच ठेवावी, नाहीतर दोरी तुटते आणि मुले मेंढ्या होऊन खोलीभर पळू लागतात. तेही वाईट नाही, पण तो वेगळा तास झाला.

तिसऱ्या प्रकारात गोष्ट जवळजवळ नसतेच. मोठ्या चादरीच्या कडा सगळ्यांनी धरायच्या, मध्ये चेंडू ठेवायचा आणि तो खाली न पाडता उडवत राहायचे. एकट्याने हे करताच येत नाही, आणि एकानेही कड सोडली तर ते लगेच जाणवते. थांबल्यावर ‘कोणी धरून ठेवले म्हणून चेंडू पडला नाही?’ असे विचारले, की मुले इकडेतिकडे बघून शेजाऱ्यांची नावे घेऊ लागतात. एकत्र, एका तालात हलण्याचा परिणाम स्वतंत्रपणेही तपासला गेला आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०१० सालच्या प्रयोगात एकत्र गाऊन-वाजवून नाचलेली चार वर्षांची मुले, तसाच खेळ संगीताशिवाय खेळलेल्या मुलांपेक्षा, नंतर एकमेकांना अधिक मदत करताना दिसली. ताल-चेन रॅबिनोविच आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी २०१७ साली दोन मुलांना शेजारच्या झोपाळ्यांवर एकाच लयीत झुलवले, तेव्हा त्यांचे पुढचे सहकार्याचे काम अधिक चांगले झाले. ही कृतज्ञता नव्हे. पण समोरच्याकडे लक्ष जाणे आणि त्याच्याशी जोडले गेल्यासारखे वाटणे, या तिच्या पूर्वअटी आहेत.

ज्या मुलांना धावता येत नाही त्यांच्यासाठी हे सर्व हातांनी, बोटांनी किंवा चेहऱ्याने करता येते, आणि ज्यांना गोंगाट, स्पर्श किंवा नजरेला नजर देणे त्रासदायक वाटते त्यांना गोलाच्या कडेने भाग घेऊ द्यावा. गोष्ट पाच-सात मिनिटांची आणि हालचाल त्याहून थोडी जास्त वेळ, एवढे एका बैठकीला पुरते. एकाच आठवड्यात पाच गोष्टी सांगण्यापेक्षा एक गोष्ट पाच प्रकारे सांगणे केव्हाही चांगले.

मोठ्यांचे वागणे आणि काही धोके

गोष्टी आणि खेळ कितीही चांगले असले तरी मूल मोठ्यांना बघत असते. इथे नुसते ‘थँक्यू’ पुरेसे नसते, कारण त्यात साखळीतल्या मधल्या कड्या ऐकू येत नाहीत. ‘ताई, तुम्ही तुमचे काम बाजूला ठेवून माझ्यासाठी दार धरून उभ्या राहिलात, माझे दोन्ही हात भरलेले होते’ या वाक्यात काय मिळाले, कोणी दिले आणि त्यासाठी काय सोडले, हे सगळे येते. मुलाशीही असेच बोलावे: ‘तू शहाणा आहेस’ याऐवजी ‘तू तुझा मनोरा अर्धवट सोडून तिला ठोकळे शोधून दिलेस’.

बक्षिसांपासून दूर राहिलेले बरे. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली २० महिन्यांच्या बालकांवर केलेल्या प्रयोगात मदतीबद्दल वस्तू मिळालेली बालके पुढे कमी मदत करू लागली. ज्यांचे नुसते कौतुक झाले किंवा ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्यात अशी घट दिसली नाही. आभार मानले की स्टिकर, ही योजना म्हणूनच मला उलटी वाटते. मूल देणाऱ्याकडे पाहायचे सोडून स्टिकरच्या तक्त्याकडे पाहू लागते.

‘इतर मुलांना एवढेही मिळत नाही’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येते. त्यातून मुलाला अपराधी वाटते, कधी भीती वाटते, आणि ज्याने दिले तो माणूस चित्रातून पूर्णपणे गायब होतो. तसेच कृतज्ञतेचा उपयोग तक्रार दाबण्यासाठी करू नये. नको असलेली भेट मिळाल्यावर मुलाला वाईट वाटू शकते आणि देणाऱ्याने प्रेमाने आणली हेही खरे असू शकते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे पाच वर्षांच्या मुलाला शांतपणे सांगितले तर समजते.

एका धोक्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कोणी काही दिले म्हणून त्याला मिठी मारणे, पापा देणे, त्याचे सांगणे ऐकणे किंवा त्याचे गुपित राखणे मुलावर बंधनकारक नाही. लहान मुलांना त्रास देणारी माणसे बरेचदा भेटवस्तूंनीच सुरुवात करतात आणि मग उपकाराची आठवण करून देतात. कृतज्ञता शिकवताना त्याच दमात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक शिकवली नाही, तर आपण मुलाच्या हातून एक संरक्षण काढून घेतो. आभार हात हलवून, हसून किंवा लांबूनही मानता येतात.

अपेक्षा किती ठेवाव्यात, याचे उत्तर वयात आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर यांनी १९३८ साली सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना दोन प्रश्न विचारले: तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती पूर्ण करणाऱ्यासाठी तू काय करशील? काहींनी फक्त आभार मानू असे लिहिले, काहींनी स्वतःला आवडणारी वस्तू देऊ असे लिहिले, आणि काहींनी देणाऱ्याला काय हवे असेल याचा विचार केला. स्वतःच्या आवडीची वस्तू देऊ करणे लहान वयात अधिक आढळले, आणि देणाऱ्याच्या गरजेचा विचार वय वाढेल तसा वाढत गेला. सात वर्षांची मुले अजून या वाटेवर असतील तर चार वर्षांच्या मुलाने, सईने टोपी आणून दिली म्हणून, तिच्या हातात स्वतःचा लाडका गुळगुळीत दगड ठेवला, तर तो त्याच्या वयाचा पूर्ण आणि नेमका प्रतिसाद समजावा. मोठ्यांवरील प्रयोगांतून लोकप्रिय झालेली, रोज चांगल्या गोष्टींची यादी लिहिण्याची पद्धत या वयासाठी नाही. लिहिता येऊ लागल्यानंतर आणि दुसऱ्याच्या मनाची समज पक्की झाल्यानंतर ती वापरून पाहता येईल. तोवर, कोणी आठवण करून न देता मूल मदत करणाऱ्याकडे वळून पाहते का, त्याचे नाव घेते का, नंतर कधी त्याच्यासाठी काही राखून ठेवते का, इकडे लक्ष ठेवावे. या खुणा आधी घरातल्या आणि वर्गातल्या रोजच्या माणसांबाबत दिसतात आणि अनोळखी माणसांबाबत बऱ्याच उशिरा. त्यामुळे पाहुण्यांसमोर गप्प राहिलेल्या मुलावरून काही ठरवू नये.